लाकडी डेक प्रेशर वॉशरने धुताय? यंत्राचा नंबर सगळ्यात शेवटी

बागेतल्या लाकडी डेकवर (फळ्यांच्या उघड्या ओट्यावर) मी पहिल्यांदा प्रेशर वॉशर (पाण्याचा जोराचा फवारा मारणारं यंत्र) चालवला तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं फार मजेत गेली. हिरवा-काळा थर झरझर निघत होता, खालून मधाच्या रंगाचं लाकूड वर येत होतं. मग हाव सुटली. नोझल, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, आणखी खाली नेलं, एकाच जागी दोन-दोनदा फिरवलं. डेक ओला होता तोवर काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी तो खडखडीत वाळला आणि त्यावर नागमोडी पट्टे उमटले, कुणी ओल्या रंगावरून बोटं ओढावीत तसे. फळ्यांना जुन्या घोंगडीसारखी लव आली होती. धाकट्या मुलीच्या तळपायातून चिमट्याने कुसळं काढण्यात ती संध्याकाळ गेली.

त्यानंतर तोच डेक तीन वेळा धुऊन झालाय, पट्टे न उमटवता. यंत्र तेच आहे, कामाचा क्रम बदललाय. मळ सुटा करायचं काम आता डेक धुण्याची पावडर आणि ब्रश करतात; यंत्राने फक्त सुटलेला मळ वाहून न्यायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. आधी डेक नीट बघा

एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फळ्यांची टोकं, स्क्रूंच्या आजूबाजूची जागा, पायऱ्यांच्या कडा टोचून बघा. धडधाकट लाकूड त्याला दाद देत नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यात गेल्यासारखं टोक आत गेलं, तर तिथे लाकूड कुजलंय. अशी फळी धुण्यात अर्थ नाही, ती बदला. हलणाऱ्या फळ्या घट्ट करा. वर आलेले स्क्रू आत बसवा, नाहीतर ब्रशचे केस आणि तुमचे मोजे दोन्ही त्यांत अडकतील.

आता रंग बघा. धुण्याआधी हे पाच मिनिटांचं निरीक्षण पुढचे दोन तास वाचवतं, कारण प्रत्येक रंगाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

हिरवं आणि निसरडं ते शेवाळ. सावलीच्या कोपऱ्यात दाटलेले काळे ठिपके ही बुरशी. ही दोन्ही पावडरीने आणि ब्रशने निघतात. स्क्रू-खिळ्यांभोवती किंवा लोखंडी खुर्चीच्या पायाखाली निळसर काळे डाग असतील, तर ती लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांची करामत. ओक आणि सीडारसारख्या टॅनिन भरपूर असलेल्या लाकडात हे डाग हमखास दिसतात. पाण्याच्या जोराने ते हलत नाहीत, कितीही मारा.

राहिला सगळीकडे पसरलेला चंदेरी राखाडी रंग. लोक फसतात ते इथे. हा रंग मळाचा नसतोच मुळी. लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना धरून असतात. उन्हातले अतिनील किरण लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर राखाडी, सुटे तंतू उरतात. त्यांच्यावर जोराचा फवारा मारला की ते उडतात आणि खालचं ताजं लाकूड दिसतं. मळ निघाला असं वाटून आपण खूश होतो, पण खरं तर आपण पाण्याने रंधा मारत असतो. राखाडी रंग आवडत नसेल तर तो घालवण्याचा सौम्य मार्ग सातव्या पायरीत आहे.

डेक फार जुना असेल तर एक गोष्ट जरूर तपासा. पूर्वी बाहेरच्या वापराचं लाकूड कीड-बुरशीपासून वाचवण्यासाठी सीसीए नावाच्या द्रावणाने मुरवत. त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असायचं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं २००३ च्या अखेरीस थांबलं, युरोपीय संघात २००४ पासून निर्बंध आले. त्याआधीचा डेक असेल आणि लाकूड कशाने मुरवलंय याची खात्री नसेल, तर त्यावर प्रेशर वॉशरही नको आणि पॉलिश पेपरही नको. साधा साबण, पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यावर भागवा.

२. सामान जमवा

काम सुरू केल्यावर ओल्या हातांनी कपाट उपसायला लागू नये म्हणून हे आधीच काढून ठेवा:

• प्रेशर वॉशर. जोर कमी-जास्त करता येणारा असेल तर उत्तम
• पंख्यासारखा रुंद फवारा देणारं नोझल, २५ किंवा ४० अंशांचं
• लांब दांड्याचा, नायलॉनच्या ताठ केसांचा ब्रश
• सोडियम परकार्बोनेटची पावडर. बाजारात ती ऑक्सिजन ब्लीच किंवा डेक क्लीनर म्हणून मिळते
• निळे-काळे डाग फार असतील किंवा राखाडी रंग घालवायचा असेल तरच ऑक्झॅलिक आम्ल
• प्लास्टिकच्या दोन बादल्या (पावडरीसाठी धातूची बादली नको)
• फटी साफ करायला पातळ पट्टी किंवा जुनी, बोथट करवत
• खराटा, ताडपत्री, चिकटपट्टी
• गॉगल, रबरी हातमोजे, बंद बूट. गमबूट असतील तर बरं
• ६० ते ८० नंबरचा पॉलिश पेपर

तारेचा ब्रश यादीत मुद्दामच नाही. त्याचे तुटलेले तुकडे लाकडात रुततात, गंजतात आणि महिन्याभरात डेकभर काळे-तपकिरी ठिपके दिसू लागतात.

३. डेक रिकामा करा, फटी मोकळ्या करा

खुर्च्या, कुंड्या, पायपुसणी सगळं हलवा. ‘एवढी एक कुंडी राहू दे’ असं मनात येतं, पण नेमकं तिच्याच खाली सगळ्यात जास्त शेवाळ असतं. मग खराट्याने झाडून घ्या.

फळ्यांमधल्या फटी हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. त्या फटी पाणी खाली जाण्यासाठी आणि हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या असतात. तिथे पानं आणि माती साचली की खालच्या तुळया सतत ओल्या राहतात आणि कुजण्याची सुरुवात तिथून होते. पट्टी घालून सगळा गाळ खाली पाडा किंवा वर ओढून काढा. हे न करता फवारा मारलात तर तोच गाळ चिखल होऊन भिंतीवर, काचांवर आणि तुमच्या चष्म्यावर येतो. अनुभवाचे बोल आहेत.

कडेच्या झाडांना आधी साध्या पाण्याने भरपूर भिजवा. माती आणि पानं ओली असली की पावडरीचं पाणी त्यांच्यावर पडलं तरी पातळ होतं. नाजूक रोपांवर ताडपत्री टाका, पण काम संपताच काढा; उन्हात झाकून ठेवलेली झाडं गुदमरतात. बाहेरचे विजेचे प्लग आणि दिवे चिकटपट्टी लावून झाका. मुलं आणि कुत्रं-मांजर घरात.

दिवस शक्यतो ढगाळ निवडा. कडक उन्हात पावडरीचं पाणी मुरायच्या आत सुकतं आणि पांढरे ओघळ मागे राहतात.

४. पावडर आणि ब्रश: खरं काम इथे होतं

सोडियम परकार्बोनेट पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. पेरॉक्साइड शेवाळ-बुरशीचा बंदोबस्त करतं, सोडा मळ सैल करतो. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं घ्या, अंदाजपंचे नको. पाणी कोमट असेल तर पावडर लवकर विरघळते आणि कामही झटपट होतं. लागेल तेवढंच मिश्रण बनवा. उरलेलं झाकणबंद बाटलीत भरून ठेवू नका. त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते.

आधी डेक साध्या पाण्याने ओला करा. मग एका वेळी सात-आठ फळ्यांचाच भाग घ्या, त्यावर मिश्रण ओता आणि ब्रशने पसरवा. बारीक फेस येऊ लागेल. आता १५ ते २० मिनिटं हात लावू नका, फक्त कुठे सुकू लागलं तर थोडं पाणी शिंपडा. मग फळीच्या लांबीच्या दिशेने ब्रश मारा. फेसाचा रंग तपकिरी होत गेला की समजा, मळ सुटतोय.

फळ्यांवर खाचा असतील तर ब्रश खाचांमधूनच फिरवा. शेवाळ खाचेच्या तळाशी बसलेलं असतं आणि आडवा ब्रश त्यावरून नुसता उड्या मारत जातो.

घरात असलेलं क्लोरीनचं ब्लीच वापरायचा मोह होईल. नका वापरू. ते बुरशी पांढरी करतं हे खरं, पण लाकडातल्या लिग्निनवरही हल्ला करतं, म्हणजे उन्हाने वर्षभरात केलेलं नुकसान तुम्ही एका दुपारी करता. झाडांनाही ते बाधतं. आणि क्लोरीनचं ब्लीच कुठल्याही आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळलं तर विषारी वायू तयार होतो. आधी हे मारून बघतो, नाही जमलं तर त्यावर ते, असा प्रयोग करू नका.

५. यंत्र जोडताना

नळाची पाइप जोडण्याआधी यंत्राच्या पाणी आत घेणाऱ्या तोंडातली जाळी काढून धुवा. तिथे वाळूचे चार कण अडकले तरी जोर लटपटतो आणि आपण पंपाला शिव्या घालत बसतो.

मग पाइप जोडा, नळ पूर्ण उघडा, आणि मोटर बंद असतानाच ट्रिगर दाबून धरा. आधी फुसफुस हवा येईल, मग पाण्याची सलग धार. ती धार आली की मोटर सुरू करा. पंप कोरडा चालला तर त्याचे वायसर जळतात. मोटर चालू ठेवून, ट्रिगर सोडून, शेजाऱ्याशी दहा मिनिटं गप्पा मारणंही पंपाला मानवत नाही. आतलं पाणी तापतं. थांबायचं असेल तर सरळ बंद करा.

विजेवर चालणारं यंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवरच लावा. एक्स्टेंशन लागलंच तर ते अर्थिंगचं, बाहेर वापरायचं आणि पूर्ण उलगडलेलं असावं. गुंडाळलेली वायर तापते. जोडाची जागा जमिनीवर ओल्यात नको, उंचावर कोरडी ठेवा. पेट्रोलचं यंत्र असेल तर ते उघड्यावरच चालवा, गॅरेजच्या दारात नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि हे वाचून सोडून देऊ नका: फवारा कधीही हाताकडे, पायाकडे किंवा माणसाकडे रोखू नका. बारीक धार कातडी फोडून पाणी आणि घाण आत ढकलते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, पण आत मोठी इजा झालेली असू शकते. असं झालं तर बँडेज लावून बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि प्रेशर वॉशरने लागलंय असं सांगा.

६. आता फवारा

पाइन, सीडारसारख्या मऊ लाकडाला साधारण ३५ ते ४० बार, म्हणजे ५०० ते ६०० पीएसआय एवढा जोर पुरतो. कठीण लाकूड याहून जास्त सोसतं, तरी १०० बारच्या पुढे जायचं कारण नाही. घरगुती यंत्रं सहज १०० ते १५० बारची असतात. म्हणजे तुमच्या हातात गरजेच्या तिप्पट-चौपट ताकद आहे हे धरूनच चाला. यंत्रावर जोर कमी करायची सोय असेल तर तळापासून सुरुवात करा. नसेल तर दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत: नोझलचा कोन आणि अंतर.

बऱ्याच यंत्रांच्या नोझलना रंग असतात. लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी धार. ते खोक्यातच राहू द्या. पिवळं १५ अंशांचं, तेही लाकडाला नको. हिरवं २५ चं आणि पांढरं ४० चं, ही आपल्या कामाची. गोल फिरणारी धार देणारं टर्बो नोझल दगड-काँक्रीटसाठी असतं. लाकडावर ते गोल-गोल नक्षी काढून ठेवतं.

मऊ लाकडाचं इतकं कौतुक का, ते फळीच्या टोकाला वाकून बघितलं की कळतं. तिथे फिकट आणि गडद पट्ट्या आळीपाळीने दिसतात. फिकट भाग झाड भराभर वाढताना तयार झालेला, मऊ. गडद भाग सावकाश वाढलेला, टणक. जोराचं पाणी मऊ भाग कोरून नेतं, टणक तसाच राहतो. हात फिरवलात तर कपडे घासायच्या पन्हाळी फळीसारखं लागतं. ते पुन्हा भरून येत नाही.

पहिला फवारा डेकच्या अशा कोपऱ्यात मारा जिथे कुणाचं लक्ष जात नाही. नोझल फळीपासून ३० सेंटिमीटरवर धरा आणि हातभर भाग धुऊन थांबा. बोटाने चाचपून बघा. तंतू उभे राहिले असतील तर अंतर वाढवा किंवा जोर कमी करा. मळ राहिला असेल तर आधी पुन्हा ब्रश आणि पावडर. नोझल खाली नेणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि १५ सेंटिमीटरच्या खाली तर नाहीच.

आता हाताची सवय. ट्रिगर फळीवर रोखून दाबायचा नाही, कारण पहिला झटका सगळ्यात जोराचा असतो आणि तो जिथे बसतो तिथे खळगा पडतो. नोझल डेकच्या बाहेर किंवा हवेत धरून ट्रिगर दाबा, मग फवारा चालता-चालता फळीवर आणा. सरकवायचं कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने, फळीच्या लांबीला धरून. मनगट वळवून अर्धगोल फिरवलंत की मधल्या भागाला नोझल जवळ येतं, टोकांना लांब जातं आणि माझे ते नागमोडी पट्टे उमटतात. मनगट स्थिर ठेवा आणि पायांनी चाला, वाफ्याला झारीने पाणी घालताना चालतो तसे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढू द्या आणि शक्यतो फळीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता जा. फळीच्या मध्यावर थांबलात तर थांबल्याची खूण वाळल्यावर दिसते.

सुरुवात घराच्या भिंतीकडून करा आणि बाहेरच्या कडेकडे सरकत या. मळकं पाणी घरापासून लांब जातं आणि धुतलेल्या जागेवर पुन्हा पाय पडत नाहीत. भिंतीच्या आणि दाराच्या कडेला मात्र यंत्र बंद करून बादली आणि ब्रश घ्या. फवारा चौकटीच्या फटीतून घरात पाणी घुसवतो.

पावडरीचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि झाडांवरही पुन्हा साधं पाणी मारा. संपल्यावर मोटर बंद, नळ बंद, मग ट्रिगर दाबून पाइपमधला दाब सोडा, आणि तेव्हाच जोड काढा. थंडीत पाणी गोठत असेल तिथे पंपातलं सगळं पाणी काढल्याशिवाय यंत्र ठेवू नका.

७. निळे-काळे डाग आणि राखाडी रंग

यासाठी ऑक्झॅलिक आम्ल. डाग नसतील आणि राखाडी रंग खटकत नसेल तर ही पायरी सरळ सोडा. पावडर पूर्ण धुतली गेल्यावर, ओल्या लाकडावरच, पाकिटावरच्या प्रमाणात पातळ केलेलं द्रावण लावा. लोखंडाचे काळे डाग डोळ्यांदेखत विरतात. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. परकार्बोनेटने काळवंडलेलं लाकूडही याने उजळतं आणि राखाडीपणा बराच उतरतो. १५ मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. हे आम्ल पोटात गेलं तर विषारी आहे आणि डोळ्यांना, कातडीला इजा करतं, म्हणून गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही. गंजणारा स्क्रू तसाच राहिला तर डाग परत येणार, तेव्हा तो बदलून स्टेनलेस स्टीलचा लावा.

८. वाळवणं, घोटणं, तेल

धुतलेला डेक दुसऱ्या दिवशी वरून कोरडा दिसतो, पण आतून ओलाच असतो. फवाऱ्याने पाणी खोलवर घातलेलं असतं. कोरड्या हवेचे किमान दोन दिवस द्या, दमट हवा असेल तर चार-पाच. त्यानंतर फळीवर थोडं पाणी शिंपडून बघा. थेंब काही मिनिटांत मुरले तर लाकूड डेकला लावायचं तेल प्यायला तयार आहे. मोत्यासारखे वरच बसले तर एकतर अजून ओल आहे किंवा जुन्या तेलाचा थर शिल्लक आहे.

कितीही जपलं तरी थोडी लव येतेच. ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने हलकं घोटा, तोंडाला मास्क लावून. गुळगुळीत व्हावं म्हणून १८० किंवा २२० नंबर घेऊ नका. फार घोटलेल्या लाकडात तेल शिरत नाही आणि पावसात पाय घसरतो तो वेगळाच. धूळ झाडा आणि तेल पातळ लावा. १५-२० मिनिटांनी वर तरंगणारं तेल कापडाने पुसून घ्या, नाहीतर डेक आठवडाभर चिकट राहतो.

ती तेलाची कापडं बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं सुकताना उष्णता सोडतात आणि बोळ्यात ती कोंडली की कापड आपोआप पेट घेतं. एकेक कापड उघड्यावर, सपाट पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवा.

तेल पूर्ण सुकल्यावरच सामान परत आणा. कुंड्यांखाली छोटे ठोकळे किंवा पाय लावा, बोटभर हवा खेळेल एवढे. माझ्या डेकवर एका कुंडीची गोल काळी खूण अजून आहे; तिच्याखाली ठोकळे लावायचे राहून गेले होते.